तिसऱ्या बरगडीच्या वरून

नर्स करिष्माने सीताच्या डोक्याला अकरावा टाका घातला, तेवढ्यात आरोग्य उपकेंद्राच्या ओट्यावर काहीतरी धप्पकन आपटलं. सीताचा भाऊ कोलू आणि आणखी चौघांनी तिच्या नवऱ्याला, धनराजला आणून टाकलं होतं.

सकाळी याच धनराजने सीताचं डोकं लोखंडी सब्बलीने फोडलं होतं आणि डावा हात उखळावर धरून मोडला होता. 'माहेरी जातो' एवढंच ती बोलली होती. कळल्याबरोबर कोलूने त्याला धानाच्या बांधीत गाठलं. बांबू तुटेस्तोवर मारलं, आणि तो पडल्यावर बुटांनी त्याची छाती तुडवली.

"मेला का पाहा बाई," कोलू म्हणाला. "नसन मेला तं अजून दोन हानतो."

दोन वर्षांत सीताचा फाटलेला ओठ करिष्माने तीनदा शिवला होता. मरतो तर मरू दे, असं क्षणभर तिला वाटलंच. पण सवयीने ती वाकली.

तो धापा टाकत होता, ओठ काळेनिळे. छातीची डावी बाजू वरखाली होत होती, उजवी हलतच नव्हती. तिने छातीला स्टेथोस्कोप लावला. उजवीकडे श्वासाचा आवाजच नाही. बोटाने ठोकलं तर पोकळ, ढोलकीसारखं वाजलं. मानेच्या शिरा दोरखंडासारख्या फुगलेल्या, घशाची नळी डावीकडे सरकलेली. मोडलेल्या बरगडीने फुप्फुस फाटलं होतं. हवा छातीत साठून बाहेर निघत नव्हती. फुप्फुस चेपलंच होतं, आता ती हृदयही दाबत होती. अँब्युलन्स सिंदेवाहीहून यायला तास लागणार, याच्याकडे दहा मिनिटंही नव्हती.

"आत घ्या याले!"

कोणी हललं नाही. कोलूने बांबूचा तुकडा उगारला. "काऊन वाचवून राह्यली याले? हात लावून पाह्य!"

करिष्माने धनराजला काखेत धरून स्वतःच फरफटत आत ओढलं आणि कडी लावली. लगेच खिडकीची काच फोडून दगड आत आला. तिने सगळ्यात जाड, केशरी टोपीची, वर बारीक नळी चढवलेली सलाईनची सुई काढली. पण धनराज हवेसाठी तडफडत होता. त्याने लाथ मारून ट्रे उडवला, तिचा गळा पकडला. तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली.

तेवढ्यात सीता बाकावरून उठली. धड हाताने तिने नवऱ्याची बोटं मागे वाकवून सोडवली आणि त्याच्या दंडावर गुडघा रोवून बसली.

"मार बाई सुई. हा मेला तं माहा भाऊ फाशी जाईन." मग खिडकीकडे तोंड करून ओरडली, "कोलू! दगड फेकनं बंद कर! तुयासाठीच करून राह्यलो!"

बाहेर शांत झालं.

करिष्माने उजव्या बाजूच्या गळ्याच्या हाडाचा मध्य चाचपला, खाली दुसरी बरगडी, मग तिसरी. तिसरीच्या वरच्या कडेला घासून सुई सरळ आत घातली. फुस्स करून हवा सुटली, रक्ताचे बारीक थेंब तिच्या चेहऱ्यावर उडाले. आतली सुई काढून वरची बारीक नळी तिने पट्टीने चिकटवली. चार-पाच श्वासांत उजवी बाजू किंचित हलायला लागली, हाताला नाडी लागली.

धनराजने डोळे उघडले, सीताला पाहिलं आणि पहिल्याच धड श्वासाला तिला आईवरून शिवी दिली.

सीताने गुडघा काढला नाही. अँब्युलन्स येईपर्यंत ती तशीच बसून राहिली.

चंद्रपूरला त्याच्या बरगड्यांत जाड नळी घालून ती पाण्याच्या बाटलीला जोडली. नऊ दिवस बाटलीत बुडबुडे आले. फुप्फुस फुगल्यावर वॉर्डातूनच पोलिसांनी त्याला नेलं. कोलूवरही गुन्हा लागला, पण खुनाचा नाही, मारहाणीचा.

टाके काढताना सीताने विचारलं, "त्याची छाती भरली का, बाई?"

"भरली."

"बरं झालं. कोलू काल जमानतीवर सुटला. मी माह्या नवऱ्याच्या विरोधात बयान द्याले जातो उद्या. तुमी येसान का संगं?"

करिष्माच्या गळ्यावर बोटांचे वळ अजून पिवळे दिसत होते. "येतो," ती म्हणाली.