परत न करायचं मडकं

मित्रांनो, मी एक जुनं मडकं आहे, औषधाचा काढा उकळायचं. माझं घर कुठलं, एवढं मात्र मला विचारू नका. ते मला माहीत नाही.

कुंभारानं माझ्या मातीत वाळू मिसळली, म्हणजे मी आगीवर तडकणार नाही. एका बाजूला कान दिला, दुसऱ्या बाजूला आखूड चोच. "लोखंडात काढा बिघडतो, मातीत बिघडत नाही," एवढं सांगून त्यानं मला बाजारात धाडलं. मला जे नक्की कळलं ते एवढंच. पुढचा सगळा गोंधळ आहे.

आमच्या कालव्याकाठच्या गावात औषधाचं मडकं मागून न्यायचं असतं, पण परत करायचं नसतं. परत केलं तर मडक्यासोबत आजारही दारात आणून ठेवल्यासारखं होतं. म्हणून ज्याला गरज पडेल त्यानं शेवटच्या आजाऱ्याचं घर शोधत यायचं आणि मला उचलून न्यायचं. अशी माझी एकवीस घरं झाली. मी आलो की माणसं तोंड पाडतात, गेलो की केर काढतात. माझ्यावाचून कुणाचं भागत मात्र नाही. आजारी बरा झाला की वैद्याला कोंबडी मिळते, देवाला उदबत्ती मिळते आणि मला फडताळावरची धूळ मिळते. मी चांगला की वाईट, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

दुसरी रीत चोथ्याची. काढा गाळून उरलेला चोथा केरात टाकायचा नाही, तो रस्त्यावर ओतायचा. येणाऱ्या-जाणाऱ्यांची पावलं त्याच्यावरून जातात आणि आजार तुडवून दूर घेऊन जातात. कुठे घेऊन जातात ते मी विचारलेलं नाही.

बाविसावं घर रुआन गनफा न्हाव्याचं. त्याची बायको त्साइती मला न्यायला एकविसाव्या घरी, शेवयावालीकडे आली, तेव्हा शेवयावालीनं विचारलं, "कुणाला बरं नाही गं?"

"मलाच. पोट."

"तुझं पोट? परवा तर दोन वाट्या शेवया ओरपल्यास!"

"म्हणूनच," त्साइती म्हणाली आणि मला पदराखाली घ्यावं तसं सदऱ्याखाली घेऊन निघाली.

स्वयंपाकघरात शेगडी पेटवल्यावर तिनं खरं सांगितलं, आणि तेही मला. "तुला म्हणून सांगते. तुला तोंड आहे, पण तू बोलत नाहीस."

दुखणं तिचं नव्हतंच. दुखणं होतं गनफाच्या तोंडाचं. त्याच्या तोंडाला वास येत होता.

इथे माझा पहिला गोंधळ झाला. आमच्या गावात वासाला कुणी भीत नाही. आंबवलेल्या राजगिऱ्याच्या देठांची बरणी घरोघर असते. तिचं झाकण काढलं की कालव्यापलीकडचं कुत्रं शिंकतं आणि पाहुणा मात्र खूश होऊन मांडी घालतो. मग गनफाच्या वासानं कुणाचं काय बिघडलं? त्साइती म्हणाली, "बरणीच्या वासानं भूक लागते रे. याच्या वासानं मरते."

शिवाय धंदा न्हाव्याचा. गनफा गिऱ्हाइकाच्या तोंडावर वाकून दाढी करी, कान कोरी, मानेवरचे केस फुंकरीनं उडवी आणि सगळा वेळ बोलत राही. त्याचा हात इतका हलका की माणसं खुर्चीत घोरायला लागत. आता दोन महिने खुर्ची रिकामी होती. गिऱ्हाइकं पुलापलीकडच्या नवख्या न्हाव्याकडे जात, गाल कापून घेत आणि परत येताना गनफाला सांगत, "सहज बसलो हो तिकडे, सावली होती म्हणून." खरं कारण कुणी सांगेना. माणसाला त्याच्या तोंडाचा वास तोंडावर सांगणं म्हणजे त्याची अब्रू घेणं.

गनफाला वाटलं, आपला हात गेला. तो वस्तरा डोळ्यांसमोर धरून पातं थरथरतं का ते बघत बसे. होड्यांच्या सणानंतर दुकान बंद करायचं, असं त्यानं ठरवलं होतं.

"सव्वीस वर्षांत त्यानं माझ्या स्वयंपाकाला नाव ठेवलं नाही," त्साइती पंख्यानं वारा घालत मला म्हणाली. "मी त्याच्या तोंडाला कसं ठेवू?"

म्हणून तिनं शक्कल लढवली. स्वतः शू वैद्याकडे गेली आणि 'माझ्या तोंडाला वास येतो' असं सांगितलं. शू वैद्यानं तिचं तोंड हुंगलं नाही. तिचं मनगट धरलं, डोळे मिटून नाडी पाहिली, जीभ बघितली आणि म्हणाला, "तोंड हे धुराडं आहे, बाई. चूल खाली, पोटात. धुराडं घासून धूर थांबत नाही. कुणाच्या जठरात आग जास्त असते, कुणाचं जेवण साचून कुजतं, कुणाला काळजीनं अन्न पचत नाही. दहा माणसांच्या तोंडाला एकच वास आला तरी औषधं दहा असतात. तुझी चूल शांत आहे. तुझ्या नाडीत काळजीची गाठ आहे." आणि त्यानं काळजी सोडवायची मुळी, संत्र्याची वाळकी साल, पुदिना असं काहीबाही लिहून दिलं.

आता बघा मित्रांनो. वास त्याचा, नाडी तिची, आणि औषध नाडीप्रमाणे. हे घोडं कुठे अडणार ते माझ्यासारख्या मातीच्या डोक्यालाही दिसत होतं. पण मला बोलता येत नाही, आणि त्साइतीला थांबता येत नव्हतं. पहिला काढा तिनं गनफाला 'कमरेसाठी आहे' म्हणून पाजला. दुसऱ्या उकळीचा, टाकवेना म्हणून, स्वतः प्यायली.

आठ दिवसांनी तिला गाढ झोप लागू लागली. गनफाला कडकडून भूक लागू लागली आणि तो रात्री जास्तीचे देठ आणि तांदळाची दारू घेऊ लागला. वास होता तिथेच होता. उलट थोडा वाढलाच.

त्यात चोथ्यानं घोटाळा केला. त्साइती तो रीतीप्रमाणे पुलाच्या तोंडाशी ओतत होती, आणि तिथे दगडी बाकावर मेंगकाका बसत. औषधांच्या दुकानात चाळीस वर्षं मुळ्या तोललेला माणूस. इतर म्हातारे वर्तमानपत्र वाचतात, मेंगकाका चोथा वाचत. काठीच्या टोकानं पसरून त्यांनी चारचौघांत जाहीर केलं, "बाईमाणसाचं औषध आहे. नवऱ्याच्या घरात जीव कोंडलेला दिसतो बिचारीचा."

मडकं कुणाच्या घरी आहे हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं.

संध्याकाळी गनफा घरी आला तो सरळ स्वयंपाकघरात. "हे माझ्या कमरेचं औषध ना?"

"हो."

"मग मेंगकाका म्हणतात तो जीव कुणाचा कोंडलाय? माझ्या कमरेचा?"

त्साइतीनं शेगडीला जोरात वारा घातला.

"मी कधी आवाज चढवला? कधी हात उगारला? हात गेलाच आहे माझा, आता तूही माझ्यामुळे झुरतेस म्हणे! सांग, काय केलं मी?"

तिनं तोंड उघडलं. मला वाटलं, आता सांगते. तिनं मिटलं. एवढंच म्हणाली, "काही नाही हो. जेवून घ्या."

गनफा जेवला नाही. सकाळी त्यानं चोथ्यासकट माझा कान धरला आणि तरातरा शू वैद्याचं घर गाठलं.

"मडकं बाहेर!" वैद्य आतूनच ओरडला. "औषधाचं मडकं घेऊन दारात येतोस? गावचे आजार कमी पडले का मला?"

म्हणून मी पायरीवर राहिलो, आणि पुढचं ऐकलं ते पायरीवरून.

"वैद्यबुवा," गनफा पुढे वाकून बोलला असावा, न्हाव्याची सवय, "माझ्या बायकोला काय दुःख आहे ते मला सांगा!"

आत एकदम खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला.

"जरा लांबून बोल," वैद्य म्हणाला. "कान शाबूत आहेत माझे." मग हुंगल्याचा आवाज आला, आणि "अच्छा. असं आहे होय!"

"कसं आहे?"

"हात ठेव. नाडी बघू दे."

"आजारी ती आहे."

"बायकोचं दुखणं नवऱ्याच्या नाडीत उतरतं."

"असं कुठल्या पोथीत लिहिलंय?"

"तुला पोथ्या वाचता येतात?"

"नाही."

"मग ठेव हात. जीभ काढ. हं. बास, बास, आत घे!" कागदावर कुंचला फिरल्याचा आवाज आला. "हे तुझ्या बायकोचं औषध. यातला दगड आधी अर्धा तास शिजवायचा, पानं शेवटी घालायची. प्यायचं तू."

"ती आजारी आणि मी प्यायचं?"

"इतके दिवस कोण पीत होतं?"

"मीच."

"मग सवय आहे की तुला. आणि पंधरा दिवस देठ नाहीत, दारू नाही, रात्री पोटभर नाही. एक घास जास्त खाल्लास तर तिचं दुखणं वाढलं म्हणून समज."

मित्रांनो, मी दगड शिजवला. कुटलेला पांढरा दगड, जिभेला मारून टाकणारी पिवळी मुळी, मुळ्याचं बी आणि वरून सुवासिक पाचेची पानं. गनफा नाक दाबून प्यायचा आणि म्हणायचा, "तुझ्यासाठी गं." त्याच्या ताटापुढून देठांची बरणी परत जायची, तेव्हा त्याचे डोळे तिच्या मागे फडताळापर्यंत जायचे. त्साइती पाठ फिरवून डोळे पुसायची. ती रडत होती की हसत होती, तेही मला कळलं नाही.

आता उरला चोथा. ओतला नाही तर आजार जायचा नाही. ओतला तर मेंगकाका वाचणार, आणि दगडासारखा दगड वाचायला चष्माही लागत नाही. तीन दिवस तिनं तो एका फुटक्या वाडग्यात साठवला. चौथ्या दिवशी सगळा माझ्या पोटात भरून मला घेऊन पुलाशी गेली आणि डोळे मिटून ओतला.

मेंगकाकांची काठी लगेच पुढे आली. चार डोकी जमली.

"काय आहे काका? परत तीच बाई का?"

काठीनं दगड उलटला. पिवळी मुळी बाजूला केली. एक पान उचलून मेंगकाकांनी नाकाशी धरलं. त्यांनी पुलाखालच्या न्हाव्याच्या दुकानाकडे पाहिलं, रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं, आणि मग त्साइतीकडे. तिचे हात माझ्या कानावर इतके आवळले होते की मला वाटलं, आज तुटतो.

"कसला आलाय काढा," मेंगकाका म्हणाले. "कुणीतरी चहाची भुकटी ओतली आहे. डोळे गेले बुवा माझे." आणि त्यांनी स्वतःच्या जोड्यांनी तो चोथा चांगला तुडवला, पुन्हा पुन्हा, दगड दगडासारखा दिसेनासा होईपर्यंत.

पंधराव्या दिवशी तेच आले. गनफाच्या खुर्चीत बसले आणि मान मागे टाकली. "दाढी. आणि कानही. काय बोलायचं ते मोठ्यानं, कानाशी बोल."

गनफा वाकला. थोड्या वेळानं मेंगकाकांचं घोरणं स्वयंपाकघरापर्यंत ऐकू आलं. सण आला आणि गेला. दुकान उघडंच होतं.

एका संध्याकाळी गनफानं मला फडताळावरून खाली घेतलं, माझ्या तोंडात एक मोठा श्वास सोडला आणि हुंगून बघितलं. पण माझ्या पोटात बावीस घरांच्या मुळ्यांचा वास मुरलेला. त्याला काय कळलं ते त्यालाच ठाऊक. त्यानं बायकोला विचारलं, "तुझं दुखणं माझ्यामुळे होतं ना?"

"हो."

"आता?"

"आता नाही."

"बरं," तो म्हणाला आणि त्यानं मला धुऊन, पालथा घालून ठेवलं. एकवीस घरांत मला कुणी धुऊन ठेवलं नव्हतं.

मित्रांनो, आजारी कोण होतं आणि बरं कोण झालं, हे मला अजून उमगलेलं नाही. माझं मागणं मात्र अगदी थोडं आहे. काम झाल्यावर मला धुवा. परत करू नका, तुमच्याकडेच राहू द्या. आणि उद्या कुणी खाली मान घालून मला न्यायला आलं, तर मुकाट्यानं देऊन टाका. कुणासाठी, ते विचारू नका.