ओर्सोलाच्या भट्टीमागचं दार

आमच्या गल्लीतली घरं वाकडी आहेत, कारण ती जुन्या रोमन नाट्यगृहाच्या पायऱ्यांवर उभी आहेत. ओर्सोलाची पावाची भट्टी तर थेट रंगमंचामागच्या भिंतीलाच टेकलेली होती.

गावातल्या विद्वान मंडळाला प्राचीनांसारखं नाट्यगृह बांधायचं होतं. लॅटिन ग्रंथात मापं होती, चित्रं नव्हती. म्हणून मंडळाचे त्रेन्तीसाहेब गावच्या कचेरीचं परवानगीपत्र घेऊन आले आणि गवंड्यांनी भट्टीची पाठ फोडली. मागे दगडी कमान निघाली. राजा रंगमंचावर यायचा ते मधलं दार हेच, म्हणून सगळे हरखले. तीन दिवस दोऱ्या लावून मापं घेतली, आठवड्यात भट्टी बांधून देतो म्हणाले आणि गेले.

उन्हाळा सरला तरी कुणी फिरकलं नाही. मळलेली कणीक डोक्यावर घेऊन ओर्सोला नदीपलीकडे चुलत बहिणीच्या भट्टीवर जायची. मंडळाच्या दारी तिनं चार खेटे घातले. चारही वेळा साहेब वाचनात होते.

मग ती सरळ बांधकामावरच घुसली. मीही सोबत होते. समोर लाकडी अर्धगोल पायऱ्या, तीन दारांची भिंत, दारांमागे खोट्या गल्ल्या. कोनाड्यांत रोमन वेशातले पुतळे, आणि त्यातल्या एकाला त्रेन्तीसाहेबांचंच नाक. ते पाहून तिचं डोकं फिरलं. साहेब तिथंच सुतारांना काम सांगत होते.

“माझी भट्टी फोडून स्वतःचे पुतळे बसवलेत होय?”

“बाई, ही कला आहे. तुला नाही कळायची.”

“कला नसेल कळत, दार कळतं. हे मधलं दार बुटकं झालंय. खरा उंबरा माझ्या फरशीखाली दोन विती खोल आहे. माझ्या नवऱ्यानंच वर भर घातली होती. तुम्ही फरशीपासून मोजलंत. मला कुणी विचारलं?”

सुतार खाली मान घालून हसले. साहेबांनी आम्हा दोघींना बाहेर काढायला लावलं.

उद्घाटनाला शोकनाटक होतं. उंच तळव्यांचे जोडे घालून राजा मधल्या दारातून निघाला, मुकुट कमानीला अडकला आणि राजा बोडकाच बाहेर आला. पाहुणे बिशपसुद्धा हसले.

दुसऱ्या दिवशी साहेब टोपी हातात घेऊन ओर्सोलाच्या दारात उभे. फरशी उकरून खरं माप घ्यायचं होतं. आधी भट्टी, मग उंबरा, असं तिनं बजावलं. गवंडी आले. भट्टी कुठे घालायची ते या खेपेला तिनंच उभं राहून दाखवलं.

आठ दिवसांनी साहेब दोरी घेऊन आले तेव्हा भट्टीत जाळ होता. उंबरा कुठाय, असं त्यांनी विचारलं.

“भट्टीखाली. तुमच्याच गवंड्यांनी वर बांधलीय. आता हात लावून बघा.”

साहेबांनी कचेरीची धमकी दिली. पण कचेरीत माप चुकल्याचं कबूल करावं लागलं असतं, म्हणून ते गेलेच नाहीत. नाटकातले राजे अजून वाकूनच प्रवेश करतात.

ओर्सोलाचा राग मात्र उतरला नाही. मंडळाचा नोकर पाव घ्यायला आला की टोपल्या भरलेल्या असूनही ती संपले म्हणून सांगते, तेही त्याच्या डोळ्यांत बघून.