फोटोतला नॉइज

"पुन्हा नापास!" गिरणी चालू ठेवूनच आमचे मालक ओरडले. हाताला पीठ, फोनच्या काचेलाही पीठ. "म्हणतंय, फोटोत नॉइज हाय."

"आवाज? फोटोत कसला आलाय आवाज?"

"तसला न्हाई गं. खोटे ठिपके. कॅमेऱ्यानं मनानंच टाकलेले."

पुंजाराम गिरणीवाले म्हटलं की आष्टीत कुणीही आमचं घर दाखवेल. यांनी दुर्बीण घेतली तेव्हा गाव हसलं. हसेना का! दिवसभर लोकांचं दळायचं, मग शेतात जाऊन आभाळाचे फोटो काढायचे, यात कुणाच्या बापाचं काय जातं? पुण्याच्या एका ग्रुपवर अशी हौशी मंडळी फोटो पाठवतात. ते सगळे जोडून देवयानी आकाशगंगेचं एक मोठं चित्र करणार होते, खाली प्रत्येकाचं नाव. पण आधी सॉफ्टवेअर फोटो तपासणार. यांचा एकही पास होईना. आता आणखी एकदा नापास झाला की नाव कट.

मी फोन हिसकावला आणि ग्रुपच्या अपूर्व सरांना लावला.

"काकू, सॉफ्टवेअर शहरातल्या फोटोंवर शिकलंय," ते म्हणाले. "एका फोटोत इतके तारे दिसले की त्याला तो नॉइज वाटतो."

"मंग तुमी बघा की डोळ्यानं!"

"हजारो फोटो येतात हो. कसं शक्य आहे?"

माझं डोकंच फिरलं. आभाळ आमचं, चांदण्या आमच्या, आणि त्या खोट्या ठरवणार ते पुण्याचं यंत्र! मेल्याला कधी आमच्या शेतात उभं तरी केलंय का कुणी?

हे मात्र वाद घालत बसले नाहीत. त्याच रात्री दुर्बीण गाडीवर बांधून हायवेवरच्या वाटूर फाट्याला गेले, तिथल्या मोठ्या दिव्यांखाली फोटो काढून आले. दुसऱ्या दिवशी दुपारी निकाल आला. उत्कृष्ट!

मी आनंदानं फोटो उघडला. करड्या आभाळात एक पुसट डाग आणि चार-दोन चांदण्या.

"बाकीच्या कुठं गेल्या?"

"दिव्यानं खाल्ल्या. म्हणून तर पास झालो."

"जाऊ द्या. नाव तर लागलं न्हवं?"

त्यांनी माझ्या हातातला फोन घेतला. अपूर्व सरांना लावला. "सर, माझं नाव काढून टाका."

"अहो काका, तुमचा फोटो पास झालाय!"

"बराबर. पास झालाय म्हणूनच सांगून राह्यलो. ते आमचं आभाळ न्हाई."

फोन ठेवून त्यांनी दळणाला आलेली पुष्पाबाईंची जवारी गिरणीत ओतली. पीठ जाड पडत होतं, पण त्यांचं लक्ष नव्हतं. मी पुढे झाले आणि पीठ बारीक पडावं म्हणून गिरणीचा दगड आवळला.