तीनशे दहा पावलं

डॉक्टरबाईंनी सह्यांचे कागद पुढे सरकवले. माझ्या हृदयाची झडप बदलायची तारीख ठरली होती. मी सही करत असताना बाई सहज म्हणावं तसं म्हणाल्या, "त्याआधी काही करायचं राहून गेलं असेल तर करून घ्या. फक्त दगदग नको." असं कोणी म्हटलं की माणसाने काय ते समजावं. मी समजले आणि म्हटलं, "मला ह्यांची दरी बघायचीय."

"ह्यांची?" बाई हसल्या.

ह्यांचीच. हे रस्तेखात्यात मोजणीदार होते. त्या दरीच्या काठावरचा रस्ता, गाड्या उभ्या करायची जागा, तिथून कठड्यापर्यंतची पायवाट, सगळं ह्यांच्या हाताखालून गेलेलं. लाल खडकाच्या दोन उभ्या भिंती आणि तळाशी नदी. तेव्हा महिन्यातले वीस दिवस हे तिकडे आणि मी इकडे शिलाई मशीनवर. घरी आले की येईल त्याला दरीचं वर्णन. सकाळी ती कशी दिसते, दुपारी भिंतींचा रंग कसा पालटतो. पाहुणे माझ्याकडे वळून म्हणायचे, वहिनी, तुम्ही तर कितीदा बघितली असेल! मी चहा ठेवायच्या निमित्ताने आत जायची. अठ्ठावीस वर्षं हे मला "पुढच्या सुट्टीत" नेत होते.

बाईंनी अट घातली. सलग तीनशे पावलं, त्याहून जास्त नाही. मग चांगला अर्धा तास बसायचं आणि तेवढंच परत.

"तीनशे दहा आहेत," शेजारी बसलेले हे ताबडतोब म्हणाले. "गाडीपासून कठड्यापर्यंत. मी स्वतः मोजलीत."

"दहाने काही बिघडत नाही," बाई म्हणाल्या.

झालं, घरी आल्याबरोबर ह्यांच्या उत्साहाला नुसता ऊत आला.

खात्यात ह्यांना सगळे 'फीत' म्हणायचे. ह्यांचं पाऊल म्हणे बरोबर पंचाहत्तर सेंटीमीटरचं पडतं, केसभर इकडे नाही की तिकडे नाही. आमच्या घरात त्या पावलाशिवाय पान हलत नाही. कपाट कुठे बसेल, लेकीची शाळा किती लांब, पाहुण्यांची गादी कुठे मावेल, सगळं आधी हे चालून बघणार. खरी फीत घरात आहे, माझ्या शिवणाच्या डब्यात. तिला हात लावायचा म्हणजे ह्यांना कमीपणा वाटतो.

मग जेवणाच्या टेबलावर मोठा कागद पसरला गेला. पेन्सिल कानामागे. "जेवून निघायचं, म्हणजे ऊन उतरेल. अडीच तास गाडी. पाचला तिथे. दहा मिनिटं चालणं, अर्धा तास बघणं, दहा मिनिटं परत." प्रत्येक ओळीपुढे वेळ आणि वेळेपुढे पावलं. पाण्याच्या नळापर्यंत किती, स्वच्छतागृहापर्यंत किती. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटत होतं. माझ्यासाठी म्हणून ह्यांनी आजवर एवढं काही आखलं नव्हतं. बरोबर अंडी उकडून घ्यायची की नुसता ब्रेड, एवढंच मला विचारलं गेलं, तरी मी खूश होते.

एका संध्याकाळी तर तालीमच झाली. स्वयंपाकघराच्या दारापासून बाल्कनीपर्यंत ह्यांची चौदा पावलं. म्हणजे बावीस फेऱ्या आणि वर दोन पावलं.

"बघू, मी चालते," मी उठत म्हटलं.

"तू बस गं. उगाच दम लागेल तुला. मी दाखवतो ना."

मला खुर्चीत बसवून हे माझ्या डोळ्यांसमोर बावीस फेऱ्या चालले. हात मागे बांधलेले, मान ताठ, तोंडाने आकडे. शेवटची दोन पावलं टाकून वळले आणि म्हणाले, "बघ, एवढंच आहे. जमेल की नाही?"

मी म्हटलं, जमेल. मला हसूही आलं होतं.

तेवढ्यात लेकीचा फोन आला. तिने बापाला विचारलं, "बाबा, तिथे चाकांची खुर्ची मिळते का? हल्ली ठेवतात सगळीकडे. विचारून घ्या."

"सगळं विचारलंय," हे म्हणाले. "आम्हाला नको शिकवूस."

ठरल्या दिवशी आम्ही पाचला दोन मिनिटं कमी असताना पोचलो. ह्यांनी मला घड्याळ दाखवलं. पायवाट जरा चढाची होती, ते कागदावर कुठे लिहिलेलं नव्हतं. हे पुढे, मी मागे, आमचं नेहमीसारखं. मी मनातल्या मनात मोजत होते. शंभरपर्यंत ठीक होतं. दोनशेला छाती भरून आली. तीनशेला मी मान वर केली, तर कठडा अजून तेवढाच लांब. माणसांच्या पाठी दिसत होत्या आणि पाठींच्या वर आभाळ. वाटेच्या कडेला एक बाक होता, त्यावर मी अंग टाकलं.

हे मागे आले. "अगं, अर्धीच तर आलीस!"

"माझी तीनशे झाली."

"कशी होतील? मोजायला चुकलीस तू."

मी चुकले नव्हते. ह्यांचं पाऊल पंचाहत्तर सेंटीमीटर, माझं जेमतेम त्याच्या निम्मं. लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली. ह्या माणसाने डोंगर मोजले, नद्यांची पात्रं मोजली, आणि बायकोचं पाऊल केवढं पडतं हे त्याला ठाऊक नव्हतं, कारण तो कधी माझ्या शेजारून चाललाच नव्हता. आणि मी तरी कसली शहाणी! तीस वर्षं लोकांचे कपडे शिवले, एकाच्या मापावर दुसऱ्याचं कापड कधी कापलं नाही. पण मोजायचं काम ह्यांचं, असं धरून चालले आणि स्वतःचा जीव ह्यांच्या पायांवर सोडून दिला. मला रडू आलं नाही, इतका राग आला होता.

"बस जरा," हे म्हणाले. "मी बघून येतो."

आणि खरंच गेले.

पाच मिनिटं झाली, पंधरा झाली. बाकावरून मला ह्यांची पाठ दिसत होती. मग हात दिसू लागले. एकदा डावीकडे, एकदा खाली, एकदा लांब समोर. भोवती पाच-सहा माणसं जमली होती आणि हे त्यांना दरी समजावून सांगत होते. मी दोनदा उठून बघितलं. दोन्ही वेळा डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी परत बसले. पाऊण तास झाला. थंडीचे दिवस, ऊन उतरलं, मग गेलंच.

वॉचमन फाटक लावण्याआधीच्या फेरीवर निघाला होता. मला बघून थांबला.

"मावशी, एकट्याच? खुर्ची आणू का चाकांची?"

"आहे तुमच्याकडे?"

"आहे की, दोन आहेत. परवाच एका साहेबांचा फोन आला होता, मिसेसना चालवत नाही म्हणून. ठेवतो म्हटलं बाजूला. तर म्हणाले, नको, पावलं मोजलेली आहेत माझी, तीनशे दहा. खुर्ची लागायची नाही." तो बोलता बोलता माझ्याकडे बघायला लागला. "तुम्हीच का त्या?"

"आणा," मी म्हटलं.

त्याने खुर्ची आणली, मला बसवलं आणि ढकलू लागला. हे समोरून परत येत होते. खुर्ची बघून ह्यांचा चेहरा पडला.

"अगं, ही कशाला? काय म्हणतील लोक? मी सगळं नीट मोजून…"

मी हातानेच पुढे चला अशी खूण केली. वॉचमनही थांबला नाही. चाकांवर ती वाट दोन मिनिटांची होती.

कठड्यापाशी आता कोणी नव्हतं. वर आभाळात थोडा उजेड उरला होता, पण दरी काठापर्यंत काळोखाने भरली होती. भिंती नाहीत, लाल रंग नाही, नदी नाही. गार वारा तेवढा खालून वर येत होता. मी दोन्ही हातांनी कठडा धरला आणि वाकून बघत राहिले.

मागून हे धापा टाकत आले आणि माझ्या खांद्यावरून हात पुढे केला. "हे बघ, डावीकडे, तिथे खाली नदी वळते. आणि समोरची भिंत, ती सकाळच्या वेळी…"

"गप्प बसा," मी म्हटलं.

एकेचाळीस वर्षांत हे शब्द मी ह्यांना कधी ऐकवले नव्हते. ह्यांचा हात तसाच हवेत राहिला.

"मला काही दिसत नाहीये," मी म्हटलं. "ते तरी माझं मला बघू द्या."

वॉचमन किल्ल्या हातात घेऊन बाजूला उभा राहिला. त्याने आम्हाला घाई केली नाही.