आजीबाईची भाषा

विद्यापीठ आणि एका सॉफ्टवेअर कंपनीच्या कराराच्या बैठकीत कंपनीचा मॅनेजर विद्यापीठाचा अभ्यासक्रम चाळत होता आणि मॅडम त्याच्या हातातल्या लाल पेनाकडे बघत होत्या. पेन नेमकं त्यांच्याच विषयापाशी थांबलं. बावीस वर्षं त्या एक जुनी संगणकभाषा शिकवत आल्या होत्या. मुलं तिला आजीबाईची भाषा म्हणत.

"हे आता वापरतं कोण?" मॅनेजर म्हणाला. "असल्या ओझ्यामुळेच मुलांना नोकऱ्या मिळत नाहीत. राग मानू नका, मॅडम."

राग मानायची सोय नव्हती. मॅनेजर त्यांचाच विद्यार्थी, आणि याच विषयात दोनदा गटांगळ्या खाल्लेला. कुलगुरूंनी मान डोलावली, विभागप्रमुखांनी त्यांच्याहून जोरात डोलावली, आणि विषय रद्द झाला. करारात आणखी एक कलम होतं. सुट्टीत सहा आठवडे शिक्षकांनी कंपनीत बसून 'उद्योगाच्या गरजा' समजून घ्यायच्या. हात रिकामे झालेल्या मॅडमचं नाव यादीत पहिलं लागलं.

"आता या वयात मी तिथे जाऊन काय दिवे लावणार?" त्यांनी घरी विचारलं.

"गारव्याला तरी बसशील," नवरा भाजी निवडता निवडता म्हणाला.

कंपनीत त्यांना खिडकीजवळची खुर्ची मिळाली, गळ्यात अडकवायला ओळखपत्र मिळालं, काम मात्र काडीचं मिळालं नाही. दुसऱ्या आठवड्यात मंगळवारी सकाळी हॉलमधले सगळे फोन एकदम वाजू लागले. ही कंपनी पार्सलं पोचवणाऱ्या एका मोठ्या संस्थेची संगणकव्यवस्था सांभाळत होती, आणि त्या दिवशी शहरातल्या झाडून सगळ्या पार्सलांवर एकच पत्ता छापून येत होता, कुठल्याशा दंतवैद्याचा. त्याच्या दवाखान्यात नऊ गाद्या, दोन सायकली आणि एक कपाट येऊन पडलं होतं. तो दर दहा मिनिटांनी फोन करून पुढे काय येणार आहे ते विचारत होता.

कंपनीतल्या पोरांनी वरची नवी, देखणी प्रणाली उलटीपालटी करून पाहिली. दुखणं तिच्यात नव्हतंच. तिच्या तळाशी तीस वर्षांपूर्वीचा, आजीबाईच्या भाषेतला एक प्रोग्राम निमूटपणे राबत होता. मॅनेजरनं तो पडद्यावर उघडला आणि त्याचं तोंड उतरलं.

त्यानं हॉलभर नजर फिरवली. ती खिडकीपाशी येऊन अडली.

"मॅडम, जरा येता का?"

"मी गरजा समजून घेते आहे," मॅडम म्हणाल्या. पण उठल्या.

कागदावर छापून घेतलेल्या प्रोग्रामवर त्या तासभर पेन्सिल फिरवत होत्या. एक पार्सल झालं की पुढचा पत्ता उचलायचा, ही ओळच कुणीतरी आदल्या दिवशी निरुपयोगी ठरवून काढून टाकली होती. कुणी काढली, तेही शेजारी नोंदलेलं होतं. मॅडमनी नाव वाचलं आणि मॅनेजरकडे पाहिलं.

"दुसऱ्या परीक्षेतही तू हीच ओळ सोडली होतीस," त्या हळूच म्हणाल्या. पोरांना ऐकू जाऊ नये एवढी माया अजून शिल्लक होती.

सहा आठवडे संपायच्या आत कंपनीनं त्यांना कायमचं बोलावलं. विद्यापीठात त्यांच्यासाठी 'व्यक्तिमत्त्व विकास' हा एकच तास उरला होता. मॅडमना रात्रभर रडू येत राहिलं, आणि सकाळी त्यांनी होकार कळवला. वार्षिक अहवालात विभागप्रमुखांनी अभिमानानं लिहिलं की, करारामुळे पहिल्याच वर्षी विभागातून एक नियुक्ती झाली.

पुढच्या वर्षी नव्या अभ्यासक्रमातली बारा मुलं कंपनीत लागली. रुजू होताच त्यांना आजीबाईच्या भाषेच्या तीन महिन्यांच्या प्रशिक्षणाला बसवलं. समोर मॅडमना बघून एक मुलगी चक्रावली.

"मॅडम, हे तुम्ही आम्हाला कॉलेजातच का नाही शिकवलं?"

मॅडमच्या जिभेवर उत्तर आलं होतं. पण मागच्या रांगेत मॅनेजर वही उघडून, पेन सरसावून बसला होता. या खेपेला तो स्वतःहून आला होता. त्यांनी उत्तर गिळलं आणि फळ्यावर पहिली ओळ लिहायला घेतली.