माझ्यापाशी ठेवलेलं नाव

हॉलमधल्या पुस्तकांच्या कपाटावर, फुलदाणी आणि बंद पडलेल्या घड्याळाच्या मधे दोन शिंगांची एक पांढरी चपटी डबी दिसते ना, ती मी. या घराचा राउटर. एरवी माझ्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. मी बंद पडलो की मात्र सगळे बघतात, आणि ते असे, जणू मीच त्यांच्या घरातलं काहीतरी घेऊन पळालोय.

आधीच सांगून टाकतो, माझा स्वभाव चांगला नाही. मी जळका आहे. तोंडावर हिरवे दिवे लुकलुकतात म्हणून लोकांना वाटतं, काय शांत प्राणी! पण दुसऱ्याचं कौतुक झालं की माझ्या पोटात दुखतं. आणि नशीब असं, की मला घर मिळालं ते नेमकं माझ्याच अंगावर दुसऱ्यांचं कौतुक लिहिणाऱ्यांचं.

माझा जन्म कारखान्यात झाला. लांबलचक सरकत्या पट्ट्यावर माझ्यासारखी कितीतरी भावंडं ओळीने चालली होती, आणि एक बाई प्रत्येकाला उलटं करून पोटाखाली एक छोटा कागद चिकटवत होती. त्या कागदावर आमचं नाव आणि आमच्या आत शिरायची किल्ली. माझं नाव म्हणजे चार अक्षरं आणि त्यांना लागलेली आकड्यांची शेपटी. कानाला काही गोड नव्हतं, पण माझं होतं.

या घरात आलो त्याच दिवशी ते गेलं. घरधन्याचं चष्म्याचं दुकान आहे. त्याने फोन नाकाशी धरून माझं नाव वाचलं आणि म्हणाला, "हे काय नाव झालं? गाडीची पाटी वाटते." नेमकी त्याच दिवशी त्याची थोरली मुलगी परीक्षा पास झाली होती. त्याने ते नाव पुसलं आणि माझं नाव ठेवलं, 'थोरली पास झाली'.

आणि मग ती रीतच पडली. घरात कुणी काही चांगलं केलं की वायफायचं नाव बदलायचं. घरधनी हॉलच्या मधोमध उभा राहायचा, "ऐका हो ऐका!" म्हणायचा आणि फोनवर टकटक करायचा. क्षणात घरातले सगळे फोन माझ्यापासून तुटायचे. मग आरडाओरडा, मग सगळ्यांनी नवं नाव शोधून परवलीचा शब्द पुन्हा टाकायचा. कटकटच ती. पण जिचं नाव लागलंय तिची काय ऐट! कारण माझं नाव काही या चार भिंतींत राहत नाही. वरच्या-खालच्या मजल्यांवरच्या फोनमध्येही ते दिसतं. जिन्यात शेजारीण भेटली की विचारायची, "काय गं, धाकटी जिंकली वाटतं?"

धाकटी टेबल टेनिस खेळते. ती जिंकली की मी 'धाकटी जिंकली', हरली की 'धाकटी छान लढली'. आजोबांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा मी महिनाभर 'आजोबांचे नवे डोळे' होतो. घरधन्याची बहीण आठवडाभर राहायला आली, तर मी 'आत्याबाई आल्या हो'. तिने आठवडाभर सोफ्यावरून पाय खाली ठेवला नाही, आणि नाव मात्र तिचं.

कहर झाला तो मनीमुळे. मनी म्हणजे घरातली मांजर. माझं अंग गरम असतं म्हणून ती माझ्यावर पसरून झोपते आणि तिचे केस माझ्या श्वासाच्या भोकांत जातात. तिला पिल्लं झाली आणि घरधन्याने माझं नाव ठेवलं, 'मनीला चार पिल्लं'. जी माझ्या उरावर बसते, तिचंच नाव मी मिरवायचं! त्या आठवड्यात मी मुद्दाम थोडा सावकाश चाललो. कुणाला कळलं नाही. सगळ्यांनी कंपनीला शिव्या घातल्या.

तरी मी काही एकटाच जळत नव्हतो. घरात आणखी एक जण होती, जिचं नाव कधीच लागलं नव्हतं. मुलींची आई.

ती रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. दिवसभर लोकांच्या रक्ताच्या नळ्यांवर नावं चिकटवायची, ती पुन्हा वाचून बघायची आणि पुढे द्यायची. नाव चुकलं तर एकाचा रोग दुसऱ्याच्या गळ्यात. त्यामुळे नावाच्या बाबतीत ती फार काटेकोर. संध्याकाळी घरी आली की आधी स्वयंपाकघर, मग आजोबांची औषधं, मग सगळं झाल्यावर हातात फडकं. मला उचलून माझ्या पोटाखालची धूळ पुसणारी या घरात ती एकटीच.

मांजरीचं नाव लागलं त्या दिवशी पुसता पुसता ती हळूच मला म्हणाली, "बघ बाबा. मांजरीचाही नंबर लागला." मग स्वतःशीच हसली आणि म्हणाली, "मी पण ना! पोरींचं कौतुक झालं तर मला का टोचावं?" तिला स्वतःची लाज वाटत होती. मला तर स्वतःची कधीच वाटली नाही. पण त्या दिवशी मला पहिल्यांदाच घरातलं कुणीतरी आपलं वाटलं.

त्यानंतर काही महिने ती जेवणं आटोपली की ओट्याशी पुस्तक उघडून बसायला लागली. प्रयोगशाळेत वरची जागा हवी असेल तर एक परीक्षा द्यावी लागते. पन्नाशी जवळ आलेली, केसांत पांढरं आलेलं, आणि ही ओठ हलवत पाठ करतेय. माझ्याकडून ती धड्यांचे व्हिडिओ मागवायची. खरं सांगतो, धाकटीची गाणी अडकवून ठेवून मी तिचे धडे आधी पोचवायचो.

निकालाच्या दिवशी ती लवकर घरी आली. साडी बदलली. जेवताना सगळे बसल्यावर म्हणाली, "अहो, मी पास झाले. पहिल्याच फटक्यात."

"अरे वा! छान, छान!" घरधनी म्हणाला. तेवढ्यात थोरली धावत आत आली आणि गाडी चालवायचा परवाना तिने सगळ्यांसमोर नाचवला. झालं! घरधनी ताटावरून उठला, हात धुतले, हॉलच्या मधोमध उभा राहिला आणि "ऐका हो ऐका!" ओरडला. आई दारात येऊन उभी राहिली. पदर नीट केला. मीही श्वास रोखून बसलो होतो.

माझं नाव झालं, 'थोरली निघाली सुसाट'.

आजोबा म्हणाले, "अरे, सूनबाई पण पास झालीय."

"तिचं काय, करू नंतर," घरधनी हसत म्हणाला. मग बायकोकडे वळून लाडात आल्यासारखा म्हणाला, "तुला काय गं त्याचं? तू काय, घरचीच!"

आई वळली. ताटं उचलायला लागली. मला मात्र राहवेना. अहो, मग बाकीचे काय वाटेवरचे होते? ती मांजर काय परगावची होती?

पुढच्या सुट्टीच्या दुपारी सगळे थोरलीच्या गाडीतून फिरायला गेले. आई गेली नाही. तिने मनीला माझ्यावरून उचलून खाली ठेवलं, मला उलटं केलं, पोटाखालचा कागद वाचला आणि फोनवर काहीतरी करत राहिली. तिची बोटं भराभर चालत नव्हती, पण एकदाही चुकली नाहीत. तिने माझं नाव बदललं. आणि मग खाली एक छोटा चौकोन असतो, ज्याकडे कुणी बघत नाही, तिथे खूण केली. 'नाव जाहीर करू नये.'

म्हणजे काय, ते सांगतो. माझं नाव कुणाच्याच फोनमध्ये दिसेना. मी चालू, दिवे चालू, पण ज्याला आत यायचं असेल त्याने माझं नाव स्वतःच्या हाताने अचूक लिहायचं. माहीत नसेल तर बसा बाहेर.

ते नाव मी पहिल्यांदा अंगावर घेतलं तेव्हा मला काय वाटलं, हे सांगता येणार नाही. अडीच अक्षरी, छोटंसं नाव. ते फक्त तिला ठाऊक होतं आणि मला. आयुष्यात पहिल्यांदाच इतरांनी माझा हेवा करावा असं काही माझ्यापाशी होतं.

संध्याकाळी गोंधळ उडाला. "वायफाय गेलं!" धाकटी ओरडली. घरधन्याने मला दोनदा बंद-चालू केलं, मग कंपनीच्या माणसाला बोलावलं. तो दुसऱ्या दिवशी आला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "साहेब, गेलेलं कुठाय? धडधाकट चालू आहे. कुणीतरी नाव लपवलंय. नाव टाका, चालू होईल."

"कुठलं नाव?"

"ते मला कसं माहीत? रीसेट करून टाकू का? मागचं सगळं पुसून कोरं होईल." आणि त्याने खिशातून टाचणी काढली. माझ्या पाठीला एक बारीक भोक आहे. त्यात टाचणी दाबली की मी सगळं विसरतो.

"हात लावायचा नाही." आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. आवाज चढलेला नव्हता. "मी लपवलंय. माझं नाव ठेवलंय त्याचं. टाका, लगेच लागेल."

कंपनीच्या माणसाने टाचणी खिशात ठेवली आणि चहाही न घेता निघून गेला.

"एवढंच ना!" म्हणत घरधन्याने तिचं कागदोपत्री नाव टाकलं. मी दार उघडलं नाही. आडनावासकट टाकलं. नाही. थोरलीने 'आई' टाकलं, धाकटीने 'माझी लाडकी आई' टाकलं, आजोबांनी सांगितलं, "सूनबाई टाकून बघ गं." मी आपला गप्प. काय मजा आली म्हणून सांगू!

"ही सगळी तुमची नावं आहेत," आई म्हणाली. "तुम्ही मला ज्या नावांनी कामाला हाका मारता ती. माझं नाव वेगळं आहे. माझ्या घरी मला हाक मारायचे ते." मग नवऱ्याकडे बघून म्हणाली, "तुम्हाला सांगितलं होतं मी. लग्न ठरलं तेव्हा."

घरधन्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. त्याला आठवत नव्हतं. आईने तोंड फिरवलं, आणि ती रडतेय हे सगळ्यांना कळलं. रीसेटचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

धाकटीने आईच्या फोनमध्ये डोकवायचा प्रयत्न केला, पण फोनचं कुलूप आईने कधीच बदललं होतं. मग मामाला फोन गेला. मामा म्हणाला, "आम्ही तिला ताईच म्हणायचो. ते नाव फक्त आमच्या वडिलांचं, अण्णांचं. त्यांच्यामागे कुणी घेतलं नाही, मीही घेणार नाही."

मग एक नवलच सुरू झालं. नावाचा माग काढायचा म्हणून घरधनी बायकोला विचारायला लागला. तुमचं घर कसं होतं गं? तू शाळेत कशी जायचीस? सुरुवातीला प्रत्येक उत्तरानंतर तो फोन काढून काहीतरी टाकून बघायचा. मी हाकलून द्यायचो. हळूहळू फोन काढायचं तो विसरायला लागला. दुकान बंद करून आला की तिच्यासमोर शेंगा सोलत बसायचा आणि ऐकायचा. ती झाडावर चढायची, एकदा पडली, हनुवटीवर अजून खूण आहे. ती खूण त्याने चष्मा कपाळावर सारून अगदी जवळून बघितली. हे सगळं मला आवडत नव्हतं, हे स्पष्ट सांगतो. तिचं गुपित मी सांभाळायचं आणि तिच्या गोष्टी याने ऐकायच्या?

काल संध्याकाळी ती सांगत होती, "झाडावर बसले की मी खाली यायचंच नाव घ्यायची नाही. आई ओरडून थकायची. मग अण्णा दारात यायचे, तोंडाशी हात धरायचे आणि..." इथे ती थांबली आणि भांडी घेऊन आत गेली.

घरधनी शेंगा सोलत राहिला. मग एकदम ताठ झाला. मी त्याचा चेहरा बघितला आणि समजलो. लग्न ठरलं तेव्हाही ती ही गोष्ट सांगताना इथेच थांबली असणार. त्यानंतर काय म्हणाली, ते त्याला आठवलं होतं.

त्याचा फोन माझ्याजवळच, कपाटावर होता. मी तयार झालो. नियम म्हणजे नियम, अचूक नाव आलं की दार उघडावंच लागतं. पण त्याने फोनला हात लावला नाही. तो उठला, हॉलच्या मधोमध उभा राहिला, तोंडाशी दोन्ही हात धरले आणि माझं, म्हणजे तिचं, ते नाव मोठ्याने हाकारलं.

आत भांडं पडलं. आणि तिचा आवाज आला, "ओ!"

असा 'ओ' मी या घरात कधी ऐकला नव्हता. झाडावरून आल्यासारखा.

तो आत गेला. फोन माझ्याजवळच राहिला, न जोडलेला. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

तर असा मी. मुलींना हाक ऐकू आली, त्यांचे फोन लागलेत. आजोबांचाही लागलाय. नाव अजून लपवलेलंच आहे, ते काढू नका असं आईनेच सांगितलंय. तेव्हा तुम्ही कधी या घरी आलात, तर मला नाव विचारू नका. मी सांगणार नाही. एवढं तरी माझ्यापाशी राहू द्या. आणि जमलं तर त्या मांजरीला माझ्यावरून उठवा.