वाघिणीनं राखलेली तूर

खाप्याजवळच्या मनोहररावाच्या शेतात दरवर्षी तुरीच्या शेंगा भरल्या की रानडुकरं घुसायची आणि तो धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, करंटची तार लावायचा. पीक वाचायचं, वर मटणही मिळायचं. यंदा नाल्यात वाघीण येऊन राहिली. डुकरं पांगली, तुरीची फांदी मोडली नाही. तरी जावई आला म्हणून, एखादं डुक्कर सापडेल या आशेनं मनोहररावानं तार लावलीच. जिभेला चटक लागली, की पिकाचं निमित्तही लागत नाही.

सकाळी त्याची बायको प्रयागबाई घरी मसाला वाटत बसली आणि सासरा-जावई पोतं घेऊन शेतात गेले. तारेपाशी वाघीण मरून पडली होती.

जावयानं, जितेंद्रनं, आजूबाजूला पाहिलं. "मामाजी, फावडा आणा. पुरून टाकू. कोणाले समजते?"

मनोहररावानं विजेच्या खांबावर टाकलेला आकडा काढला, फावडा उचलला. मग त्याला तिचं पोट दिसलं. आचळं दुधानं भरलेली होती.

"जावईबापू, नाल्यात पिल्लं असतील. फॉरेस्टवाल्यांले फोन लावा."

"जेलात जाल ना जी!"

"लावा म्हटलं ना."

आलेला फॉरेस्ट गार्ड ओळखीचाच निघाला. त्यानं माणसं नाल्याकडे पिटाळली आणि हळूच वाट काढून दिली, "डुकरं लय तरास देऊन राहिले असतील, नाही का काका?"

नुसतं 'हो' म्हणायचं होतं. मागं शेंगांनी लगडलेली तूर उभी होती.

"नाही गा," मनोहरराव खाली पाहत म्हणाला. "हिनं एक डुक्कर येऊ देलं नाही. मले जावयाले मटण खाऊ घालाचं होतं."